बाळू पालवणकरचं नाव कुठल्या वहीत लिहायचं?



एका साध्या सवालापासून हे लिखाण सुरू झालं. मी परभणीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात काम करतो. २०२५ च्या जून महिन्यातली रात्रपाळी होती. चहाच्या सुट्टीत एका पोरानं मोबाईलवर बातमी दाखवली. महेंद्रसिंग धोनीचं नाव आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. आमच्या खात्यातले एक काका, निवृत्तीला आलेले, कानातला कापूस काढत म्हणाले, "हॉल म्हंजे काय असतंय रे ते?"

"काका, कीर्तीचं दालन. जगातल्या मोठ्या मोठ्या खेळाडूंची नावं तिथं कायमची लिहितेत."

"मंग त्यात आपलं कोणी हाय का?"

"हाय की. भारताचे अकरा झाले आता."

"भारताचं न्हाई इचारलं. आपलं."

कुणी बोललं नाही. भोंगा झाला, आम्ही आत गेलो. पण तो सवाल रात्रभर चात्यांसारखा डोक्यात फिरत राहिला. पुढचे कित्येक महिने सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यामागं लागलो. जे हाती आलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आधी तो हॉल काय आहे ते बघू. हॉल म्हणतात, पण कामाची गोष्ट म्हणजे यादी. क्रिकेटच्या जागतिक संघटनेला शंभर वर्षं झाली तेव्हा, २००९ साली, ही यादी सुरू झाली. पहिल्या फटक्यात पंचावन्न नावं. मुंबईचा सुनील गावस्कर त्यातच होता. पुढच्यांसाठी नियम असा की शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून पाच वर्षं उलटली पाहिजेत. सचिन तेंडुलकरनं नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर बॅट खाली ठेवली. पाच वर्षं भरली नोव्हेंबर २०१८ मध्ये. त्यानंतरची पहिली निवड जाहीर झाली जुलै २०१९ मध्ये, आणि तिच्यात सचिन होता. याला म्हणतात पहिल्या झटक्यात आत जाणं. दार ठोठवावं लागत नाही. दार तुमची वाटच बघत असतं.

सचिनशी आपलं भांडण नाही. गावस्करशी नाही, धोनीशी नाही. त्यांनी घाम गाळला, कमावलं, मिळालं. त्या अकरा जणांच्या जाती शोधत बसणं हेही माझं काम नाही. माझं भांडण दाराशी आहे. कारण मी ज्या माणसाच्या शोधात निघालो तो त्या दारापर्यंत पोचूच शकत नव्हता. तो त्या सगळ्यांच्या आधीचा. त्याचं नाव बाळू पालवणकर. मी त्याला अरे-तुरे करतो, आपल्या घरच्या माणसाला करतो तसं.

पालवण हे कोकणातलं गाव, आडनाव तिथलं. जन्म धारवाडचा, १८७६ च्या सुमाराचा. जात चांभार. बाप लष्करात नोकरीला, त्यामुळं कुटुंब पुण्यात. पोरवयातच बाळू एका पारशी क्रिकेट क्लबात कामाला लागला. महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला. महिना चार रुपये. काम काय, तर मैदान झाडायचं, रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सराव हवा असला की चेंडू टाकायचा. हात डावा. चेंडू हळू यायचा, पण टप्पा पडला की कुठं वळेल सांगता येत नसे. जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी त्या काळचा नामी फलंदाज. तो तासन् तास बाळूकडून चेंडू टाकून घ्यायचा. मला बाद केलंस तर आठ आणे देईन असं तो म्हणायचा, अशी गोष्ट सांगतात. हिशोब करा. आठवड्याला एकदा जरी साहेब बाद झाला तरी महिन्याला दोन रुपये. म्हणजे अर्धा पगार.

पण त्या सगळ्या वर्षांत बाळूच्या हातात बॅट दिली गेली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा. आपल्याला ही वाटणी ओळखीची आहे. एकानं राबायचं, दुसऱ्यानं खेळायचं.

मग पुण्याच्या हिंदू मंडळींना कळलं की गोऱ्यांना हरवायचं तर हा गडी पाहिजे. वाद झाला. चांभाराला संघात घ्यायचं कसं? शेवटी घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानावर तो त्यांच्या बरोबरीचा. पण चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात आणि बाळू बाहेर. त्यांना चिनी मातीचे कप, याला फेकून द्यायचं मातीचं भांडं. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी.

इथं जरा थांबा, मित्रांनो. क्रिकेटचा चेंडू कशाचा असतो? चामड्याचा. ते कातडं जनावराच्या अंगावरून सोललं कुणी, कमावलं कुणी, शिवलं कुणाच्या जातभाईंनी? तो चेंडू बाळूच्या हातातून सुटायचा आणि यष्टीमागचा ब्राह्मण तो दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. तेव्हा विटाळ नाही. झेल घेताना विटाळ नाही, कप देताना विटाळ. धर्माचं एवढं सोयीचं गणित मी कुठल्याही कारखान्याच्या हजेरीबुकात बघितलेलं नाही.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्यानंतर बाळू मुंबईला आला. हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला, पुढं रेल्वेत नोकरी मिळाली. त्या काळी मुंबईतले मोठे सामने धर्माच्या नावानं व्हायचे. पारशी विरुद्ध युरोपियन, हिंदू विरुद्ध युरोपियन, १९१२ पासून मुसलमानांचा संघही आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. गुलाम देशात ही केवढी बातमी! त्या विजयात बाळूच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

साल लक्षात ठेवा, १९०६. भीमराव तेव्हा चौदा वर्षांचे, एलफिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. महाडचं चवदार तळं अजून एकवीस वर्षं लांब होतं. ज्या माणसाला हिंदूंच्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती तो हिंदूंच्या नावानं मैदानात उतरून हिंदूंची इज्जत राखत होता. देवळात तू हिंदू नाहीस, मैदानावर मात्र हिंदू आहेस. गरज असली की मोजायचं, गरज संपली की वगळायचं. हे गणित पुढं आपल्याला पुणे करारात परत भेटणार आहे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या कप्तानीखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. बाळूसोबत धाकटा भाऊ शिवरामही होता. संघ वाईट हरला. तेवीस सामन्यांतले सहाच जिंकले. पण त्या दौऱ्यात बाळूनं ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. हे ज्या देशात तो खेळ जन्मला त्या देशाच्या मैदानांवर. प्रथम दर्जाचे म्हणून धरले जातात असे त्याचे सामने फक्त तेहतीस, आणि त्यात बळी १७९, सरासरी १५.२१. ज्यांना क्रिकेट कळतं त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. घरी परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. आपल्या माणसाचं नाव विलायतेच्या वर्तमानपत्रात छापून आलं, ही गोष्ट त्या काळच्या चाळींत आणि झोपड्यांत काय पसरली असेल! भीमराव तेव्हा वीस वर्षांचे, कॉलेजात. बाळूबद्दल त्यांच्या मनात आदर होता हे नोंदलं गेलेलं आहे.

आणि तरी हा माणूस हिंदू संघाचा कप्तान कधी झाला नाही. वीस वर्षं संघाचा भार वाहिला, पण कप्तानपद वरच्या जातीकडंच. १९२० साली बाळूला संघातूनच वगळलं. त्याचा भाऊ विठ्ठल तेव्हा संघातला अव्वल फलंदाज, पण कप्तानपदासाठी त्याचाही विचार झाला नाही. विठ्ठल आणि शिवराम, दोघा भावांनी निषेध करून संघातून अंग काढून घेतलं. जाहीरपणे, जातीचं कारण सांगून. गवगवा झाला, तडजोड झाली, बाळूला परत घेऊन उपकप्तान केलं. पुढं १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्या वर्षी हिंदू संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली.

हे आपण संप म्हणून वाचलं पाहिजे. दोन भावांनी काम बंद केलं तेव्हाच मालकांना जाग आली. १९२० च्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला होता. त्याच वर्षी दोन अस्पृश्य खेळाडू मुंबईच्या मैदानावर मुके राहायला नकार देतात. हे दोन प्रसंग मी शेजारी शेजारी मांडतो, एवढंच.

आता परत हॉलच्या दाराशी येऊ. बाळू त्यात का नाही? उत्तर सरळ दिलं जाईल. तो कसोटी सामना खेळला नाही. खरं आहे. भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर झाला. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांच्या आसपास. दार उघडलं तेव्हा माणूस म्हातारा झाला होता. इथपर्यंत तो दोष काळाचा, असं आपण मान्य करू.

पण पुढं बघा. २०२१ साली आयसीसीनं एक खास निवड केली. क्रिकेटचा इतिहास पाच कालखंडांत वाटला आणि प्रत्येकातून दोघे निवडले. पहिला कालखंड १९१८ च्या आधीचा. म्हणजे नेमका बाळूचा. त्यातून नावं आली ऑस्ट्रेलियाचा माँटी नोबल आणि दक्षिण आफ्रिकेचा ऑब्रे फॉकनर. दोघेही मोठे खेळाडू. पण फॉकनर ज्या संघातून कसोटी खेळला त्या संघात काळ्या माणसाला जागाच नव्हती. जो संघ माणसं वगळून बनला त्याचा आकडा पक्का, आणि जो माणूस वगळला गेला त्याचा आकडा कच्चा. त्याच निवडीत विनू मांकड आला, आणि वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाईन आला. कॉन्स्टंटाईन काळा, गुलामांच्या वंशातला, पुढं ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात बसलेला पहिला काळा माणूस. त्याचं नाव लागलं ते त्याच्या मरणानंतर पन्नास वर्षांनी. आनंदच आहे. पण त्यालाही कसोटीचं मैदान मिळालं होतं, म्हणून ते लागलं.

हा सवाल जगात पहिल्यांदा आपणच विचारतोय असं नाही. दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली तेव्हा तिनं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून नाव घेतलं. आपणही तिकडं एक नजर टाकू.

अमेरिकेत बेसबॉलचा हॉल ऑफ फेम आहे. क्रिकेटच्या हॉलपेक्षा कितीतरी जुना, पहिली निवडणूक १९३६ ची. खेळावर लिहिणारे पत्रकार मतं देतात, शंभरातली पंचाहत्तर मतं पडली तर आत. पहिल्याच मतदानात आत जाणं हा तिथं सगळ्यात मोठा मान. तिकडं मोठ्या स्पर्धांमधून काळ्या खेळाडूंना साठ वर्षांच्या आसपास बाहेर ठेवलं होतं. नियम लिहिलेला नव्हता, पाळला मात्र जात होता. अगदी आपल्या गावच्या पाणवठ्यासारखं. काळ्यांनी मग स्वतःच्या स्पर्धा उभ्या केल्या. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन नावाच्या काळ्या खेळाडूनं ती भिंत तोडली आणि १९६२ साली तो पहिल्याच मतदानात हॉलमध्ये गेला.

पण जॉश गिब्सन? काळ्यांच्या स्पर्धांमधला सगळ्यात जबर फटकेबाज. तो जानेवारी १९४७ मध्ये मेला, पस्तिसाव्या वर्षी. भिंत तुटायच्या तीन महिने आधी. त्याच्यासाठी पहिलं मतदान कुठलं आणि दुसरं कुठलं? १९६६ साली टेड विल्यम्स नावाचा गोरा खेळाडू हॉलमध्ये गेला तेव्हा सत्काराच्या भाषणात तो म्हणाला की सॅचेल पेज, गिब्सन आणि संधीच न मिळालेले काळे खेळाडू इथं असले पाहिजेत. १९७१ साली पेजची निवड झाली. तेव्हा आधी ठरलं होतं की काळ्यांच्या स्पर्धांमधल्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग करायचा. कीर्तीच्या घरातही महारवाडा! ओरड झाली, तो बेत सोडावा लागला, पेज मुख्य दालनात गेला. पुढच्या वर्षी गिब्सन. आणि २०२४ साली काळ्यांच्या स्पर्धांचे आकडे मुख्य नोंदवहीत मिसळले गेले, तेव्हा आजवरच्या सगळ्या फलंदाजांत सरासरीनं पहिला आला गिब्सन. मरून सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर.

हे झालं कसं? गोऱ्यांना उपरती झाली म्हणून? मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. काळ्यांची स्वतःची वर्तमानपत्रं होती. गोऱ्यांची पत्रं ज्या सामन्यांकडं ढुंकून बघत नव्हती त्यांचे धावफलक ही पत्रं छापत होती. पुढच्या पिढीतल्या माणसांनी ते जुने कागद शोधले, एकेक सामना, एकेक फटका जोडला आणि आकडा उभा केला. वही होती म्हणून दार उघडलं. वही नसती तर गिब्सन नुसता दंतकथा राहिला असता. दंतकथेला हॉलमध्ये जागा नसते.

आपल्याकडं वही कुणी लिहिली? विठ्ठल पालवणकरनं लिहिली. १९४८ साली त्याचं 'माझे क्रीडाजीवन' हे मराठी पुस्तक निघालं. चांभाराच्या पोरानं स्वतःच्या खेळाची हकीकत मराठीत छापली, आणि मराठी वाचकांनी ती विसरूनही टाकली. २००२ साली रामचंद्र गुहांनी इंग्रजीत क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला, तेव्हा कुठं बाळूचं नाव शिकलेल्या लोकांच्या तोंडी परत आलं. मराठीत पन्नास वर्षं पडून होतं ते इंग्रजीतून यावं लागलं. याची लाज आपल्यालाही थोडी वाटली पाहिजे.

आता अवघड भाग. तो टाळून पुढं गेलो तर हा लेख नुसती आरती होईल.

आमच्या वस्तीत दरवर्षी भीमजयंतीच्या सुमाराला टेनिस बॉलचे सामने भरतात. मी बैठकीत सुचवलं की ट्रॉफीला बाळू पालवणकरचं नाव देऊ. पोरांना पटलं. तेवढ्यात मागं बसलेले एक जुने कार्यकर्ते उठले. नामांतराच्या लढ्यात तुरुंग बघितलेला माणूस. ते म्हणाले, "पोरा, त्यानं बाबासाहेबांच्या इरोधात निवडणूक लढवली. ठावं हाय का? बाबासाहेबांच्या जयंतीला त्याचं नाव?"

बैठक गप्प. कारण ते खरं होतं.

घडलं ते असं. १९३२ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवला तेव्हा बाळू विरोधी बाजूला होता, संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाबासाहेबांचं नाव आहे, तसं पी. बाळू हेही नाव आहे. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे राहिले आणि काँग्रेसनं त्यांच्यासमोर बाळूला उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. फरक दोन हजार वीस. बाबासाहेब निवडून आले.

आता म्हाताऱ्या कार्यकर्त्याला उत्तर काय देणार? मी घरी येऊन खूप विचार केला. बाळूला नुसता गद्दार म्हणणं सोपं आहे. त्याच्या पायाचं तीर्थ घेणंही सोपं आहे. दोन्ही आळशी माणसाची कामं.

मला असं दिसतं. बाळूच्या आयुष्यानं त्याला एक धडा दिला होता. बळी घेत राहा, एकेक दार उघडेल. पूना क्लबाचं उघडलं, हिंदू संघाचं उघडलं, विलायतेचं उघडलं, शेवटी भावाला कप्तानपदही मिळालं. मग वरच्या जातीचं मन वळवता येतं यावर त्याचा विश्वास बसला तर नवल नाही. बाबासाहेबांचा धडा वेगळा होता. महाडला लोकांनी पाणी प्यायलं तर डोकी फुटली. काळाराम मंदिराचं दार वर्षानुवर्षं ठोठावलं तरी उघडलं नाही. लाखात एका बाळूला आत घेतात ते बाकीच्यांना बाहेर ठेवणं सोपं जावं म्हणून, हे बाबासाहेबांना दिसलं. बाळूला आपल्या मनगटाची ताकद दिसली, बाबासाहेबांना दाराची रचना दिसली. म्हणून बाबासाहेब बरोबर होते आणि बाळू चुकला. हे मी स्पष्ट लिहितो.

पण डाव कुणी टाकला तेही लिहू. ज्यांनी बाळूला मातीच्या भांड्यात चहा दिला त्यांच्याच जातींचे पुढारी अस्पृश्याविरुद्ध अस्पृश्य उभा करत होते. महारापुढं चांभार ठेवायचा, मग महाराचं मत इकडं आणि चांभाराचं तिकडं. संयुक्त मतदारसंघात सवर्णांची मतं आपल्या पसंतीच्या अस्पृश्याला. १९५२ च्या लोकसभेला हाच डाव परत खेळला गेला. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून बाबासाहेब हरले. कप्तानपद द्यायला ज्यांना वीस वर्षं जड गेलं, त्यांनी बाबासाहेबांविरुद्ध उमेदवारी मात्र चटकन् दिली. बाळूला पहिल्या झटक्यात आत घेतलं ते फक्त इथं.

आणि तिसरी गोष्ट आपली. चांभार, मांग, ढोर यांच्यातला मोठा माणूस निघाला की आपण म्हणतो, तो आपला नाही, बाबासाहेबांच्या विरोधातला. मग त्याचा पोरगा, नातू आपल्या बैठकीला का येईल? ज्यांनी फूट पाडली त्यांचं काम आपणच पुढं चालवतो. परभणीच्या, जिंतूरच्या, गंगाखेडच्या वस्त्यांत हे मी डोळ्यांनी बघतो. जयंती एकाची, पुण्यतिथी दुसऱ्याची, आणि मार खायची वेळ आली की सगळे एकटे एकटे. बाबासाहेबांनी स्वतः बाळूविरुद्ध निवडणूक लढवली, पण त्याचा खेळ कधी खोटा ठरवला नाही. आपण तरी का ठरवावा?

नावाची किंमत मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. परभणी जिल्हाही त्यात होरपळला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही आधीच्या नावाला जोडून. साडेपंधरा वर्षं. माझ्या जन्माआधीच्या या गोष्टी, पण आमच्या घरात त्या काल घडल्यासारख्या सांगतात. पहिल्या झटक्यात काही मिळणं ही आपल्या नशिबातली चीज नाही. आपण जे मिळवलं ते दहाव्या, विसाव्या झटक्यात, रक्त सांडून. त्यामुळं आयसीसीच्या दारात बाळूसाठी अर्ज घेऊन उभं राहावं असं मला वाटत नाही. उद्या त्यांनी नाव लावलं तर चांगलंच. पण बाळू मोठा होता की नव्हता हे ठरवायचा हक्क मी त्यांच्याकडं गहाण टाकणार नाही.

मग नाव लिहायचं कुठं? आपल्या वहीत. आणि पुरं लिहायचं.

मी बैठकीपुढं एवढंच मागितलं आहे. ट्रॉफीच्या लाकडी पाटीवर चार ओळी कोराव्या. बाळू पालवणकर, क्रिकेटपटू, जात चांभार, मैदानाचा नोकर. १९११ इंग्लंड दौरा, ११४ बळी. १९३७ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवली, हरला. मृत्यू ४ जुलै १९५५. जो पोरगा ट्रॉफी उचलेल त्याला चारही ओळी वाचाव्या लागतील. तिसरी ओळ वाचून तो विचारेल, असं का झालं? तिथंच आपलं काम सुरू होतं. शेवटच्या ओळीवरून तो हिशोब करेल की नागपूरची धम्मदीक्षा अजून पंधरा महिने लांब होती. बाळूला ती बघायला मिळाली नाही.

बैठकीत अजून निकाल लागलेला नाही. म्हातारे कार्यकर्ते म्हणाले, "चौथी वळ ऱ्हाऊ दे, तिसरी मोठ्या अक्षरात कोर." मी म्हणालो, सगळ्या सारख्या अक्षरात. ते नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत.

तुमच्याकडूनही एक मागणं आहे, मित्रांनो. पाथरी, सेलू, मानवत, पूर्णा, पालम, जिथं कुठं तुम्ही काम करता तिथं म्हाताऱ्यांना विचारा. गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडात आपला पैलवान उतरला होता का? उतरू दिला होता का? जिंकल्यावर नारळ हातात दिला की लांबून टाकला? कबड्डीत कोण होता, कोणत्या साली? नाव, गाव, जात, साल, निकाल. हरला असेल तर हरला लिहा. वाकडा वागला असेल तर तेही लिहा. पोस्टकार्डावर लिहा, वहीच्या पानावर लिहा, पण लिहा. काळ्यांच्या पत्रांनी धावफलक छापले म्हणून गिब्सन परत आला.

खात्यातल्या त्या काकांना मी परवा हे सगळं सांगितलं. यंत्रांच्या आवाजात, कानाशी तोंड नेऊन. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "चार रुपये पगारात एकशे चौदा?"

"चार रुपये आधी, काका. एकशे चौदा नंतर."

"मंग आधी चार रुपये लिही," ते म्हणाले, आणि तुटलेला धागा जोडायला वाकले.